मोठ्या मायला जमेल असं तळं

आमच्या घरातला सगळ्यांचा मिळून शेवटचा फोटो २०११ सालचा. धाकट्या आत्याच्या लग्नाच्या मांडवात काढलेला. फ्लॅशमुळे निम्म्यांचे डोळे मिटलेले आहेत आणि आबा कुणाच्या तरी फेट्याआड गेलेत. पुढे आबा गेले, घरात दोन सुना आल्या, तीन लेकरं आली, पण सगळे एका चौकटीत काही आले नाहीत. यंदा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून भाऊ, वहिनी आणि सुरतेहून आत्या एकाच वेळी जळगावला येणार असं ठरलं, तेव्हा मी मनाशी पक्कं केलं की या वेळी फोटो होणार. मोकळ्या हवेत, पाण्याच्या काठी.

आम्ही अकरा जण. सगळ्यात मोठी आमची आजी, ब्याऐंशीची, तिला आम्ही मोठी माय म्हणतो. सगळ्यात लहान भाच्याचं वय दीड वर्ष. जागा शोधायला मी आणि माझे मिस्टर नोव्हेंबरमधले तीन रविवार मोटरसायकलवर फिरलो.

पहिल्या रविवारी पद्मालय. जळगावहून सुरतकडचा महामार्ग धरायचा, पाळधी मागे टाकून एरंडोल गाठायचं आणि तिथून दहाएक किलोमीटर आत. कापसाची वेचणी चालली होती. बायका कमरेला ओट्या बांधून शेतात, रस्त्याच्या कडेला ट्रॉल्या भरून निघालेल्या, बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले. पुढे सागाचं रान लागतं, चढण येते आणि मग देऊळ आणि तळं एकदमच समोर. गाभाऱ्यात गणपतीच्या दोन मूर्ती शेजारी शेजारी, एक उजव्या सोंडेची आणि एक डाव्या. एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रा नगरी, भीमाने बकासुराला मारलं ते याच रानात, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून मोठ्या मायकडून ऐकलेली.

तळ्याचं नाव सार्थ आहे. पाण्यावर कमळाची पानं पसरलेली होती. फुलं मात्र तुरळक, कारण कमळाचा बहर पावसाळ्यातला, थंडी वाढली की ती ओसरतात. शिवाय कमळ सकाळी उमलतं आणि दुपारकडे मिटू लागतं. म्हणजे कमळांसाठी जायचं तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि उन्हं चढायच्या आत पोचायचं. डिसेंबरात, दीड वर्षाच्या पोराला आणि ब्याऐंशीच्या बाईला पहाटे साडेपाचला गारठ्यात गाडीत बसवून चाळीस किलोमीटर न्यायचं, हे काही मनाला पटेना. आणि मोठी माय पद्मालयाला आली की आधी दर्शन, मग प्रदक्षिणा, मग प्रसाद. ते झाल्याशिवाय ती फोटोला उभी राहायची नाही, आणि राहूही नये. तोवर ऊन डोक्यावर. देवाची जागा देवासाठी ठेवावी असं मला तिथून निघताना वाटलं. मार्चमध्ये तिला वेगळं दर्शनाला घेऊन जाणार आहे.

दुसऱ्या रविवारी हतनूर. भुसावळच्या पुढे तापीवरचं हे धरण. एक्केचाळीस दरवाजांची ती लांबलचक ओळ पावसाळ्यात सगळ्यांनी बातम्यांत पाहिलेली असते. भिंतीजवळ फोटो काढायचा प्रश्नच नव्हता. धरणाच्या भिंतीवर आणि दरवाजांपाशी असं काही करू नये, बंदी असते आणि ती योग्यच आहे. आम्ही मागच्या फुगवट्याकडे गेलो. काय पाणी होतं ते! पलीकडचा काठ धुक्यात विरलेला, मधे चक्रवाकांची तांबूस जोडपी, काठाजवळ काळ्या वारकऱ्यांचे थवे. हिवाळ्यात लांबून पाहुणे पक्षी येतात ते इथेच. मी अर्धा तास नुसती बघत बसले.

पण काठ? वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो आणि पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत. तापीचा गाळ आहे तो. माझी एक चप्पल काढायला मिस्टरांना बाभळीची काठी शोधावी लागली. तिथे मोठ्या मायला चालवत नेणं म्हणजे तिचं हाड मोडायची तयारी करणं. सावली नाही, आडोसा नाही, बाईमाणसाला जायला जागा नाही. आणि अकरा माणसं, त्यात तीन पोरं, आरडाओरडा करत काठावर गेली की सगळे थवे उठणार. त्यांनी एवढा प्रवास आमच्या फोटोसाठी उडून जायला केलेला नाही.

घरात तोरणमाळचं नाव निघालं होतं. सातपुड्यात साडेअकराशे मीटरच्या आसपास उंचीवरचा यशवंत तलाव, सुंदर यात शंकाच नाही. पण सातपायरी घाटाची वळणं आणि आत्याला गाडी लागते. तिथेच तो विषय संपला. धुळ्याच्या काकांनी नकाणे तलाव सुचवला. धुळ्यात राहणाऱ्यांना तो उत्तमच, आम्हाला जाऊन-येऊन अख्खा दिवस.

तिसऱ्या रविवारी आम्ही कुठेच लांब गेलो नाही. सकाळी मेहरूण तलावावर गेलो, जिथे मी वर्षानुवर्षं चालायला जाते.

खरं सांगायचं तर हा तलाव मी इतकी वर्षं पाहिलाच नव्हता. गणपती विसर्जनाची गर्दी, पहाटे कानटोपी घालून फिरणारी माणसं, मेहरूणची बोरं, एवढंच डोक्यात. त्या दिवशी पहिल्यांदा मी फोटोसाठी म्हणून काठाकाठाने फिरले. गाडी कुठवर येते, तिथून पाण्यापर्यंत किती पावलं, मधे पायऱ्या आहेत का, जमीन घट्ट आहे का, हे सगळं पाहिलं. एके ठिकाणी गाडी उभी करून पन्नास-साठ पावलांत, सपाट जमिनीवरून, पाणी. मी ती पावलं मोठ्या मायच्या चालीने मोजली.

मग उजेड. याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक वेळा चूक इथेच होते. सकाळी तळ्याच्या पूर्व काठावर उभं राहिलं की पाणी माणसांच्या पाठीशी, पश्चिमेला येतं आणि कोवळं ऊन थेट तोंडावर पडतं. सुरकुती, नथ, काठपदर, सगळं स्वच्छ दिसतं. पश्चिम काठावर उलट. सूर्य पाठीमागे, केसांना सोनेरी कड येते पण चेहरे काळवंडतात, मग मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड वाढवावा लागतो. आमच्यासारख्या मोठ्या कुटुंबाला पूर्व काठच बरा. डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्यानंतरचा पाऊण तास सोन्यासारखा, पुढे डोळे बारीक व्हायला लागतात. शिवाय सकाळी वारा पडलेला असतो, त्यामुळे पाण्यात झाडांचं प्रतिबिंब हलत नाही. संध्याकाळी तेच पाणी तरंगांनी चुरगाळलेलं असतं.

मागच्या इमारतींची मला काळजी होती. मिस्टरांनी उकिडवं बसून, मोबाइल मोठ्या मायच्या छातीच्या उंचीवर धरून पाहिला. दोन पावलं डावीकडे सरकले आणि एक कडुनिंब मधे आला. इमारती गायब. पलीकडच्या काठाची रेघ कुणाच्या डोक्यातून किंवा मानेतून जाऊ नये एवढंच मग बघायचं राहिलं. पाणी मोठं दिसायला हवं असेल तर फोटो काढणाऱ्याने मागे जाऊन दुप्पट झूम करावं, तळं माणसांच्या जवळ येतं. हे भावाने फोनवर सांगितलं आणि ते खरं निघालं.

त्याच संध्याकाळी मी मोठ्या मायला घेऊन गेले, नुसतं दाखवायला. सोबत घरची प्लास्टिकची खुर्ची. ती पन्नास पावलं चालली, खुर्चीत टेकली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "पानी मस्त शे. आठेच बठसू मी." म्हणजे पाणी छान आहे, इथेच बसेन मी. संपलं. तीन रविवारांचा शोध तिच्या दोन वाक्यांत मिटला.

कपड्यांवरून घरात बरीच चर्चा झाली. एकसारखे टी-शर्ट नकोत यावर माझं आणि वहिनीचं एकमत. मातकट, गडद हिरवा, मोरपंखी अशा तीन-चार रंगांत ज्याला जे आवडेल ते. बारीक चौकटीचे शर्ट फोटोत थरथरल्यासारखे दिसतात म्हणून ते टाळले. मोठी माय तिच्या हिरव्या नऊवारीतच येणार होती, तिला कुणी काही सुचवायचा प्रश्न नव्हता.

सत्तावीस तारखेला सकाळी साडेसहाला दोन गाड्या भरून निघालो. काकांनी थर्मासमध्ये चहा घेतला होता, आत्याने पोरांसाठी केळी आणि दशम्या. हे फार कामाचं ठरलं. पोटात काही असलं की लेकरं हसतात. पाण्यावर धुक्याचा पातळ थर होता. काठापासून चांगलं दहा फूट मागे सगळ्यांना उभं केलं, कारण दीड वर्षाचं पोर पाण्याकडे कधी धावेल सांगता येत नाही. त्याच्यावर लक्ष ठेवायला एक माणूस नेमला होता, दुसरं कुठलंही काम न देता. मोठी माय मधे खुर्चीत, तिच्या दोन्ही बाजूंना सुना, मागे उंच मंडळी, पुढे चवड्यावर पोरं. रोज चालायला येणाऱ्या एका काकांनी आपणहून मोबाइल हातात घेतला, त्यामुळे मीही फोटोत आले. त्यांनी बटण दाबून धरलं, एका दमात वीस-पंचवीस फोटो. त्यातल्या चारांमध्ये अकराच्या अकरा जणांचे डोळे उघडे आहेत!

साडेसातला आमचं काम झालं होतं. पण कुणी निघेना. आत्या आणि काका काठाने फिरायला गेले, वहिनीने चहा ओतला. एक बाई टोपलीत बोरं घेऊन आली, तेव्हा मोठ्या मायने कमरेची चंची सोडली आणि स्वतः पैसे दिले. मग तिने भाच्याला मांडीजवळ घेतलं, बोर फोडून आठळी काढली आणि गर त्याच्या तोंडात घातला. त्याने आंबट म्हणून तोंड वेडंवाकडं केलं आणि लगेच पुन्हा आ केला. भावाने तेवढ्यात मोबाइल काढला.

दिवाणखान्यात तोच फोटो लावलाय, बारा बाय अठराचा. अकरा जणांचा त्याच्या खाली, लहान आकारात. बोराच्या फोटोत तलाव फक्त वरच्या कोपऱ्यात निळसर पट्टीएवढा दिसतो, आणि खाली गवतात मोठ्या मायने टाकलेल्या तीन आठळ्या.