राणीबागेतलं सायकस आणि त्यावरचं निळं फुलपाखरू

मुंबईतल्या राणीबागेत आलेली बहुतेक मंडळी तिकीट काढून थेट पेंग्विनकडे वळतात. आम्ही जुलैतल्या एका उघडिपीच्या सकाळी गेलो ते सायकसचं झाड बघायला, म्हणजे खरं तर त्यावर वाढणारं प्लेन्स क्यूपिड हे इवलंसं निळं फुलपाखरू बघायला. पंख पसरले तरी तीन सेंटिमीटरच्या आसपास.

फुलपाखरामागे धावू नका, कोवळी पालवी शोधा. सायकस दिसतं ताडामाडासारखं, पण ते पाम नव्हे. त्याला फुलंच येत नाहीत, शंकू धरतात, आणि त्याचं कूळ डायनासोरच्याही आधीचं. नवी पानं येतात ती एकदम, शेंड्यातून झुपक्याने. मादी नेमकी तेव्हाच अंडी घालते, कारण जून पान अळीला चावताच येत नाही. म्हणून गर्द हिरव्या, टणक पानांच्या झाडांपाशी आम्ही रेंगाळलोच नाही. पुढे एकाची पालवी पोपटी, टोकं अजून गुंडाळलेली, आणि वर दोन-तीन निळी भिरभिरत होती. मुंग्यांची ये-जा दिसली की तिथे डोळे लावून बसा. अळीच्या पाठीवरून पाझरणारा गोड थेंब मुंग्या चाटतात आणि त्या बदल्यात शत्रूंना जवळ येऊ देत नाहीत. अळी पालवीच्याच रंगाची असते, आधी मुंगी दिसते.

नर वरून जांभळट निळा, मादीच्या निळ्याला रुंद तपकिरी किनार. बसलं की मागचे पंख एकमेकांवर घासतं. तिथल्या बारीक शेपटीपाशी नारिंगी कड असलेला काळा ठिपका आहे. पक्ष्याला तेच डोकं वाटतं, चोच तिथे बसते आणि फुलपाखरू तुटक्या पंखानिशी निसटतं. असं एक फाटकं आम्हालाही दिसलं.

कुंडीतल्या सायकसबरोबर हे देशोदेशी पोचलंय. ग्वाम बेटावर ते २००५ मध्ये सापडलं आणि तिथल्या रानटी सायकसच्या जिवावर उठलं. आपल्याकडे ते मूळचंच.

जायचं कसं? भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरा, चालत दहा मिनिटं. बुधवारी बाग बंद, त्याच आवारातलं भाऊ दाजी लाड संग्रहालयही. ऊन पडल्यावर फुलपाखरं पंख उघडतात, म्हणून ढगाळ दिवस टाळा. मोबाइल पुरतो, पण फोटोच्या नादात झाडात घुसू नका, पानांची टोकं सुईसारखी टोचतात. पावसाळ्यात डासांचं मलम विसरू नका.

भायखळ्यापर्यंत जमणार नसेल तर सोसायटीच्या गेटपाशी बघा, शोभेचं सायकस बहुतेक ठिकाणी असतंच. पालवीची चाळणी झाली म्हणून माळी फवारणी करायला निघाला, तर त्याला बारीक जाळी टाकायला सांगा. पानं टणक होईपर्यंतच ती लागते, मग काढून टाकायची.