किचनच्या स्क्रीनवर नेमकं काय बदललं?

सध्या मी हॉटेलच्या किचनमध्ये भिंतीवर लागणाऱ्या ऑर्डरच्या स्क्रीनवर काम करते आहे. वेटर टॅबवर ऑर्डर टाकतो आणि ती क्षणात आतल्या यादीत येते. तव्यावरचा माणूस ही यादी वाचत बसत नाही. मधूनच मान वर करून एक नजर टाकतो. मगाशी बघितल्यापासून काय बदललं, एवढंच त्याला हवं असतं. टेबल ७ च्या २ मसाला डोशांचे ३ झाले आणि आकडा गुपचूप बदलला, तर तिसरा डोसा राहून जातो. म्हणून यादीतलं अ‍ॅनिमेशन मी कामाचाच भाग धरते.

अ‍ॅनिमेशन सुरू व्हायला हवं डेटा बदलल्यावर, रेंडर झाल्यावर (म्हणजे स्क्रीनचा तो भाग पुन्हा मांडला गेल्यावर) नव्हे. मी वापरते त्या रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत ओळ पुन्हा रेंडर व्हायला कितीतरी कारणं असतात. ‘ऑर्डर येऊन किती मिनिटं झाली’ हे दाखवणारं घड्याळ पुढे सरकलं, कुणी फिल्टर बदलला, तरी रेंडर होतंच. मी प्रत्येक ओळीची आधीची संख्या रेफमध्ये (रेंडरनंतरही टिकणाऱ्या जागेत) ठेवते आणि नवी संख्या वेगळी असेल तरच ओळ पिवळी चमकवते. आधीची संख्याच नसेल, म्हणजे स्क्रीन नुकती उघडली असेल, तर काहीच चमकवायचं नाही.

खरी परीक्षा वायफाय गेल्यावर होते. सॉकेट (सर्व्हरशी सतत चालू असणारं कनेक्शन) पुन्हा जोडला गेला की आमचा सर्व्हर अख्खी यादी नव्याने पाठवतो. त्यातलं प्रत्येक ऑब्जेक्ट मेमरीत नवं असतं. नुसते रेफरन्स, म्हणजे मेमरीतले पत्ते, ताडून पाहिले तर सगळंच बदललेलं दिसतं आणि सगळा बोर्ड पिवळा होतो. संख्या ताडून पाहिली, की कनेक्शन नसताना खरोखर बदललेल्या ओळीच तेवढ्या चमकतात.

आता समजा २ चे ३ झाले आणि लगेच ३ चे ४. पहिल्या वेळी चमकेसाठी लावलेला सीएसएस क्लास (दिसणं ठरवणारं नाव) अजून ओळीवर आहे. तोच क्लास पुन्हा लावला तर ब्राउझरच्या लेखी काहीच घडलेलं नसतं, त्यामुळे दुसऱ्यांदा चमक येत नाही. यावरचा जुना तोडगा म्हणजे क्लास काढायचा, ऑफसेटविड्थ (ओळीची रुंदी) वाचून ब्राउझरला लेआउट, म्हणजे जागांची मोजणी, करायला भाग पाडायचं आणि क्लास परत लावायचा. चालतो, पण पुढे कोड वाचणाऱ्याला ते रुंदी वाचणं निरुपयोगी वाटतं आणि तो ते पुसून टाकतो. मी ब्राउझरमधल्या वेब अ‍ॅनिमेशन्स एपीआयची अ‍ॅनिमेट ही मेथड वापरते. प्रत्येक कॉलला नवं अ‍ॅनिमेशन सुरू होतं, बाकी खटपट नाही.

रिअ‍ॅक्ट प्रत्येक ओळ ‘की’ या खुणेवरून ओळखतं; तिथे इंडेक्स (यादीतला क्रमांक) दिला असेल तर हे सगळं वाया जातं. पहिली ऑर्डर गेली की दुसरीचा डेटा पहिलीच्या डॉम नोडमध्ये (पानावरच्या घटकात) येऊन बसतो. मग संख्या ‘बदललेली’ दिसते, नको त्या ओळी चमकतात आणि शेवटची ओळ गेल्यासारखी वाटते. पदार्थाचं नावही ‘की’ म्हणून चालत नाही, कारण एकाच टेबलावर एक डोसा नेहमीचा आणि दुसरा कांद्याशिवाय असू शकतो, म्हणजे एकाच नावाच्या दोन ओळी. सर्व्हरने दिलेला आयडीच वापरावा.

ओळी वर-खाली सरकवायला फ्लिप (FLIP) हे तंत्र वापरते. पॉल लुईस यांनी २०१५ मध्ये या तंत्रावर लिहिलं होतं: आधीची जागा मोजा, नंतरची मोजा, ट्रान्सफॉर्मने (सीएसएसने घटक नुसता दिसायला हलवून) ओळ जुन्या जागी दाखवा आणि तिथून सोडा. व्ह्यू (Vue) आणि स्वेल्ट या फ्रेमवर्कमध्ये याची सोय आयती मिळते. रिअ‍ॅक्टमध्ये मी ते लेआउट इफेक्टमध्ये करते, म्हणजे बदल स्क्रीनवर रंगवला (पेंट) जायच्या आत. आधी सगळ्या ओळींची मापं घ्यायची, मग सगळ्यांना ट्रान्सफॉर्म लावायचे. एक माप, एक बदल असं आलटून पालटून केलं तर दर ओळीला नव्याने लेआउट होतो आणि स्वस्तातला टॅबलेट अडखळतो.

पानाच्या जुन्या रूपातून नव्यात अलगद नेणारं ब्राउझरचं व्ह्यू ट्रान्झिशन्स (View Transitions) एपीआय क्रोममध्ये २०२३ ला आलं, सफारीत २०२४ ला. मोह होतो, पण ट्रान्झिशन चालू असताना पानावर त्याचा थर असतो आणि खालच्या बटणापर्यंत टॅप सहसा पोचत नाही. किचनमध्ये ‘झालं’ या बटणावर बोटं सटासट पडतात, तिथे मला हे परवडत नाही.

ज्यांनी सिस्टिममध्ये हालचाल कमी ठेवायला सांगितलं आहे, त्यांच्यासाठी सरकणं बंद करते, पण रंग ठेवते. बदलाची खबर त्यांनाही लागतेच.

पहिली आवृत्ती लावल्यावर तंदूरवरचे काका म्हणाले, “ताई, पिवळं झालं असं पोरगा सांगतो. मी तर भट्टीकडे तोंड करून होतो.” बरोबरच होतं त्यांचं. चमक सेकंदभराची आणि स्क्रीनकडे पाठ त्याहून जास्त वेळ. आता चमक ओसरली तरी आकड्याशेजारी ‘२ → ३’ अशी खूण राहते आणि त्या ओळीवर कुणी बोट ठेवल्यावरच ती जाते. मध्येच ३ चे ४ झाले तर खूण ‘२ → ४’ होते, कारण त्यांनी शेवटचा पाहिलेला आकडा २ होता.