लेकाच्या नऊ, आईच्या अकरा

दारव्हा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. तिशीपुढच्या लोकांची बीपी-शुगर तपासणं हे नेहमीचंच काम, पण मारुतीच्या देवळातलं ते शिबिर काही डोक्यातून जात नाही.

48 वर्षांचे एक दादा आले. रुंद खांदे, हाताला घट्टे. उपाशीपोटी साखर मात्र 168. व्यायाम करता का, असं विचारलं तर म्हणाले, "मॅडम, वावरात राबतो मी. मले कायले पाह्यजे व्यायाम?"

हे उत्तर मला गावोगावी मिळतं. वाद न घालता मी प्लॅस्टिकची खुर्ची भिंतीला टेकवली. हाताची घडी छातीवर घालायची आणि 30 सेकंदांत जमेल तितक्या वेळा पूर्ण उठून बसायचं. मोबाइलवर वेळ लावली. पहिल्या चार भराभर झाल्या. सहाव्याला हात आपोआप मांडीवर गेले, मी पुन्हा घडी घालायला लावली. नवव्यानंतर दादा बसले ते उठलेच नाहीत. पायजम्याच्या आत मांड्या थरथरताना दिसत होत्या. साठीच्या पुरुषालाही यात निदान 14 जमायला हव्यात.

बीपीसाठी बसलेली त्यांची आई हे बघत होती. वय 70. "थांब बाप्पा, मी पाहतो करून," म्हणत तिनं पदर खोचला. अकरा! मंडपात कुणी बोललं नाही. दादा खाली मान घालून बसले होते, आणि मला त्यांची फार काळजी वाटली.

आजी अजून खाली बसून जेवते, चुलीपाशी उकिडवी बसते, कापूस वेचायला जाते. दादांच्या वावरात नांगरणी ट्रॅक्टरनं होते, फवारणीला मजूर असतो, जायला गाडी. डीएपी खताचं 50 किलोचं पोतंही दुसराच उतरवतो. राबणं आहे, उन्हातान्हातलं आहे, पण मांड्यांना जोर लावायला लागेल असं त्यात फारसं उरलेलं नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण 3 ते 8 टक्के झिजतात. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मोठ्या प्रमाणात याच स्नायूंमध्ये शोषली जाते. कोठारच लहान झालं तर माल ठेवायचा कुठं?

आपल्या वऱ्हाडाला ताकदीचं वावडं कधीच नव्हतं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासूनचं. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या चमूनं तिथं देशी कसरती करून दाखवल्या होत्या. आमच्या त्या देवळामागच्या खोलीतही मुद्गलांची एक जोडी धूळ खात पडली होती.

दादांना आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांकडे पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या, बीपी ठीक निघालं, मग व्यायाम. एक दिवसाआड बाजेवर बसून उठणं, आठाचे तीन फेरे. ओट्याला हात टेकून दंड. पाण्यानं भरलेल्या 10 लिटरच्या दोन कॅना दोन हातांत धरून अंगणात येरझाऱ्या. जोर लावताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. रोखला की बीपी एकदम चढतं. आठाच्या जागी बारा सहज व्हायला लागल्या की कॅन छातीशी धरून उठायचं. हे थोडं थोडं वजन वाढवणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण वावरातलं काम हंगाम ठरवतो, ते शरीराला झेपेल तसं वाढत नाही. जेवणात पातळ वरणाऐवजी घट्ट वरण, भिजवलेले हरभरे, जमेल तेव्हा अंडी.

पहिल्या आठवड्यात मांड्या इतक्या दुखल्या की दादांनी सोडून द्यायचं ठरवलं होतं. आजीनं सोडू दिलं नाही.

तीन महिन्यांनी उपकेंद्रात आले तेव्हा सोळा झाल्या. साखर 124, त्यात गोळ्यांचाही वाटा आहे, हे मी त्यांना सांगितलं आणि गोळी बंद करू नका म्हणून बजावलं. सोबत त्यांच्याच वयाचे तिघं होते. त्यातला एक म्हणाला, "आमी तं वावरातच राबतो, मॅडम."

मी काही बोलायच्या आत दादांनी खुर्ची उचलून भिंतीला टेकवली.