डिचोलीतील जनसुनावणीनंतर

आज गोव्यातील डिचोली तालुक्यात एका लोहखनिजाच्या खाणीच्या जनसुनावणीला गेले होते. एका वयस्क बागायतदाराने शेतात साचलेली लाल माती पुडीत बांधून आणली होती. ती अधिकाऱ्यांपुढे उघडून, आपल्या विहिरीचे पाणी कसे आटत गेले, हे त्यांनी शांतपणे सांगितले. इतिवृत्तात मात्र ‘हरकत नोंदवली’ एवढेच लिहिले गेले, याचा मला मनापासून राग आला.

बेकायदेशीर खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर २०१२ मध्ये गोव्यातील खाणी थांबल्या. गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, खाणपट्ट्यांची मुदत २००७ मध्येच संपल्याने त्यानंतरचे उत्खनन बेकायदेशीर होते, असा निर्वाळा दिला. तरीही सरकारने लिलाव टाळून ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण केले आणि २०१८ मध्ये न्यायालयाला तेही रद्द करावे लागले. खाणी बंद पडल्यावर ट्रकमालकांचे हप्ते थकले, मजुरांची रोजंदारी गेली, हे दुःख खरेच आहे (त्यांच्याशी बोलल्याशिवाय कोणी या विषयावर मत देऊ नये). पण त्याचे खापर खाणविरोधी आंदोलकांवर फोडणे अन्यायाचे आहे, कारण कायदा मोडून दिलेल्या परवान्यांवर या ट्रकमालक-मजुरांचा संसार उभा राहू देणारे सरकारच होते. निदान आता तरी प्रत्येक हरकतीला लेखी, कारणांसह उत्तर द्यावे आणि विहिरींच्या पातळीची नोंद पंचायतीच्या फलकावर लावावी.