एमएच्या आधी नावाचं काम

पंचेचाळिसाव्या वर्षी पर्यावरण धोरणात एमए करायला घेतलं. सध्या दुसऱ्या सत्राचे स्वाध्याय लिहितेय. भेटेल तो विचारतो, या वयात अभ्यास झेपतो का? अभ्यास झेपतो. प्रवेशानं मात्र साडेचार महिने खाल्ले, एक सत्र हुकलं, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत सूत रंगवणाऱ्या एका कारखान्यात ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, सांभाळते. 18 वर्षं झाली. सकाळी शेवटच्या टाकीतलं पाणी काचेच्या बाटलीत घ्यायचं, खिडकीपाशी उजेडात धरायचं, लाल रंगाची झाक राहिली असेल तर डोस वाढवायला सांगायचं. बीओडी 30, सीओडी 250, सोडायच्या पाण्यात किती घाण चालते त्या मर्यादेचे हे आकडे झोपेतही सांगेन. पण ते ठरवतं कोण, आणि मोठ्या मिलला नि चार माणसांच्या डाइंगला माप एकच का, हे मला कुणी कधी सांगितलं नाही. आमचा धंदा जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांच्या लाल वर्गात मोडतो, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राचं नूतनीकरण दर वेळी मीच भरते. नियम पाळून पाळून तो कुठून येतो हे कळावंसं वाटायला लागलं. नोकरी सोडणं शक्य नव्हतं, मुलगी बारावीला. म्हणून दूरशिक्षण.

दूरशिक्षणाला आता आधी एबीसी आयडी (आपले श्रेयांक जमा होतात त्या खात्याचा क्रमांक), मग डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा क्रमांक) काढावा लागतो. दोन्ही आधारवरच्या नावानं निघतात, अर्ध्या तासाचं काम आहे. आमच्या मेंटेनन्समधल्या एका सहकाऱ्यानं माझ्याच बरोबर, त्याच दिवशी अर्ज केला. तिसऱ्या दिवशी फी भरून तो मोकळा झाला.

माझा अर्ज परत आला. शेरा एकच, ‘नावात तफावत’.

तफावत असणारच. बीएस्सी 2001 ची, त्यावर माहेरचं नाव, मधे वडिलांचं नाव. आधारवर सासरचं आडनाव, मधे नवऱ्याचं नाव. तीन शब्दांतला माझा म्हणावा असा एकच शब्द, आणि त्याचंही इंग्रजी स्पेलिंग गुणपत्रिकेवर शेवटी दोन ‘ई’ लावून, आधारवर एका ‘आय’नं. या महाराष्ट्रात लग्न झालेल्या निम्म्या बायकांची कागदपत्रं अशीच असतील. तरी त्या फॉर्मवर ‘पूर्वीचं नाव’ असा रकाना नव्हता.

अभ्यास केंद्राच्या खिडकीवर गेले. तिथले म्हणाले, “मॅडम, अ‍ॅफिडेव्हिट करून आणा.” केलं. पुढच्या खेपेला दुसरेच गृहस्थ बसलेले. ते म्हणाले, अ‍ॅफिडेव्हिट चालत नाही, विवाह नोंदणीचा दाखला लागतो. आमचं लग्न 2004 चं, नोंदणी केलेलीच नव्हती. तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही, सगळं जमवायचं होतं. पत्रिका आईच्या पत्र्याच्या पेटीत सापडली, कोपऱ्याला लावलेलं हळदकुंकू अजून तसंच होतं. साक्षीला भाऊ, वहिनी आणि शेजारच्या काकू आल्या. दाखला हातात पडला तेव्हा जीव भांड्यात पडला. तो घेऊन गेले तर तिसरंच उत्तर: “राजपत्र आणा.”

त्या दिवशी मी खिडकीसमोरून हलले नाही. म्हटलं, काय काय लागतं ते एकदाच लिहून द्या. लिहून कुणी देईना. दर खेपेला माझी अर्ध्या दिवसाची रजा जात होती, आणि तोंडी सांगितलेल्या गोष्टीला पुरावा काहीच नव्हता. माझ्या मागे एक शाळेतल्या बाई उभ्या होत्या, त्यांचंही घोडं नावापाशीच अडलेलं. त्या अर्ज सोडून घरी गेल्या. तेवढ्यात शेवटची तारीख टळली आणि माझं जुलैचं सत्र गेलं.

राजपत्राचं काम उलट सरळ झालं. ऑनलाइन अर्ज, सोबत विवाहाचा दाखला, आणि महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये माझी दोन्ही नावं छापून आली. अर्जात स्पेलिंग तीनतीनदा तपासा, तिथली चूक पुन्हा नव्यानं निस्तरावी लागते. मी जुनं नाव हुबेहूब गुणपत्रिकेवरून उतरवलं, दोन ‘ई’सकट.

राजपत्र अपलोड केल्यावरही तीन आठवडे अर्ज ‘प्रलंबित’. तेव्हा मात्र मी विद्यापीठाकडे माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप आणि दोनच प्रश्न. अमुक तारखेच्या माझ्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली? आणि विवाहानंतर नाव बदललेल्या महिलेनं कोणती कागदपत्रं द्यायची, त्या नियमाची प्रत द्या. 2005 च्या कायद्यानं 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तेराव्या दिवशी प्रवेश मंजूर झाल्याचा मेसेज आला. मी ईटीपीच्या जिन्यावर बसून तो चारदा वाचला. हा अर्ज पहिल्याच महिन्यात टाकायला हवा होता, ही चुटपुट राहिलीच.

तुम्ही नोकरी करत शिकायचं ठरवलं असेल आणि पदवी माहेरच्या नावाची असेल, तर विद्यापीठ निवडायच्या आधी नावाचं काम उरका. कुठलाही कागद दिला की पोच घ्या. पोच देत नसतील तर त्याच दिवशी ईमेल करून ठेवा, तारीख तरी राहते.

अभ्यासाचं सांगायचं तर, माझ्या घरी नळाला पाणी येतं त्या दिवशी मी पुस्तक उघडत नाही, भरण्यातच सकाळ जाते. बाकी दिवशी पहाटे पाच ते सात. आणि 30 सप्टेंबरपर्यंत कारखान्याचं वार्षिक पर्यावरण विवरण भरायचं असतं, त्या महिन्यावर स्वाध्याय ढकलू नका. 1974 चा जलप्रदूषणाचा कायदा मी पहिल्यांदा मुळातून वाचला. ज्या कलमाखाली आपण वर्षानुवर्षं फॉर्म भरतो, ते कलम डोळ्यांनी बघणं फार वेगळं असतं.

प्रकल्पासाठी मी माळढोक या दुर्मिळ पक्ष्यासाठी राखलेलं अभयारण्य घेतलंय. माझं माहेर मार्डीचं, अभयारण्यातल्या नान्नजच्या शेजारचं. 1979 साली जाहीर झालेलं ते अभयारण्य 8,496 चौरस किलोमीटरचं होतं, त्यात गावंच्या गावं आली. पुढे ते 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं. लहानपणी जमिनीचा विषय निघाला की वडील “पक्ष्याच्या हद्दीत आहे” म्हणायचे आणि गप्प बसायचे. ती हद्द आखली कशी आणि बदलली कशी, त्याचे कागद आता जमवतेय. वडिलांच्या वेळचा जुना सातबाराही हवा होता. तो आईच्या त्याच पेटीत मिळाला, लग्नपत्रिकेच्या खाली.