जखमेवर फिरवलेली गोगलगाय

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका सार्वजनिक रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत मी काम करते. जुलैतल्या एका सकाळी वॉर्डांतून आलेल्या नमुन्यांची नोंद चालू असताना आमच्या तंत्रज्ञाने एक फॉर्म वेगळा काढून माझ्यासमोर ठेवला. साठीची स्त्री, जुना मधुमेह, उजव्या पावलावर चिघळलेली जखम, नमुना पुवाचा. हे सारे आमच्याकडे रोजचेच. 'आधीचे उपचार' हा रकाना बहुतेक वेळा कोराच येतो, पण या फॉर्मवर निवासी डॉक्टरांनी तिथे एक ओळ लिहिली होती : "दहा दिवस जिवंत गोगलगाय जखमेवर फिरवली."

दुपारी मी स्वतः वॉर्डात गेले. मावशी कोळीवाड्यातल्या. ओहोटीच्या वेळी खडकावर कालवं काढताना कवचाच्या धारेने त्यांची करंगळी आणि शेजारचा भाग कापला गेला होता. मधुमेहाने पायाची संवेदना मंदावलेली असल्यामुळे जखम किती खोल आहे हे दोन दिवस त्यांच्या लक्षातच आले नाही. मुलीने फोनवर कोरियन क्रीमचा व्हिडिओ पाहिला होता. गोगलगाईच्या स्रावाने कातडी भरून येते असे त्यात सांगितले होते, आणि क्रीम महाग होते. सोसायटीच्या भिंतीवर मात्र पहिल्या पावसापासून शंखी गोगलगाई चिकटलेल्या होत्याच. भाच्याने चार-पाच आणून बादलीत ठेवल्या आणि रोज संध्याकाळी त्यातली एक धुऊन जखमेवर सोडली जाऊ लागली. "पयले चार दिस जखम सुकल्यावानी दिसली गो बाय, खोटं नाय सांगत," मावशी म्हणाल्या. मी त्यावर विश्वास ठेवला. स्राव वाळला की त्याचा पातळ चकचकीत पापुद्रा धरतो, त्यामुळे जखम वरून कोरडी दिसणे अगदी शक्य आहे. त्या पापुद्र्याखाली पू साठत होता.

ड्रेसिंग उघडले तेव्हा करंगळी काळवंडलेली होती. पट्टीवर हिरवट-निळसर डाग होते आणि गोडसर, पिकल्या द्राक्षांसारखा वास येत होता. सूक्ष्मजीवशास्त्रात काही वर्षे काढलेल्या माणसाला हा वास ओळखू येतो. दुसऱ्या दिवशी कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू भरभरून वाढला.

भाच्याला मी त्यातली एक गोगलगाय डब्यात घालून आणायला सांगितले. ती आफ्रिकन शंखी गोगलगाय होती. ही जात 1847 साली कलकत्त्यात आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. हातमोजे घालून काचेच्या कांडीच्या बोथट टोकाने मी तिच्या पायाचा तळ हलकेच चोळला, तेव्हा फेसाळ, किंचित पिवळसर स्राव सुटला. कांडी उचलली तशी त्याची तार बोटभर लांब ताणली गेली, तरी तुटली नाही. या स्रावाचा बहुतांश भाग पाणीच असतो. उरलेल्या थोड्याशा भागात प्रथिने आणि शर्करायुक्त मोठे रेणू असतात, आणि सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींत ज्याचे नाव झळकते ते त्वचा मऊ ठेवणारे ॲलँटोइनही असते. याच जातीच्या स्रावातून ॲकॅसिन नावाचे जिवाणूनाशक प्रथिन संशोधकांनी वेगळे केलेले आहे. म्हणजे मावशींच्या मुलीने पाहिलेल्या व्हिडिओला काहीतरी आधार होता, आणि म्हणूनच मला ती गोष्ट हसण्यावारी न्यायची नव्हती.

एका अगार प्लेटवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या बशीवर, जखमांत पू करणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूचा थर पसरून मी त्यावर स्रावाचे तीन थेंब ठेवले, आणि दुसऱ्या, कोऱ्या प्लेटवर नुसताच स्राव ठेवला. सदतीस अंशांवर एक रात्र गेल्यावर पहिल्या प्लेटवर एका थेंबाभोवती नखाच्या कडेएवढे पुसट वलय दिसले, जिथे जिवाणू वाढलेले नव्हते. उरलेल्या दोन थेंबांच्या जागी गोगलगाईच्या अंगावरचेच जिवाणू फोफावले होते. कोऱ्या प्लेटवरही तेच, आणि त्यांतल्या काही वसाहतींभोवतीचे अगार हिरवे पडलेले. तीही स्यूडोमोनासच निघाली. जखमेतली जात आणि ही जात एकच होती असे मी म्हणणार नाही, कारण त्यासाठी लागणारी जनुकीय तपासणी आम्ही केली नाही, आणि तीन थेंबांच्या प्रयोगाला कुणी शास्त्रही म्हणू नये. पण ते पुसट वलय आणि त्याच्या शेजारची हिरवी वाढ मी बराच वेळ पाहत राहिले. ज्या प्राण्याच्या अंगावर औषधाची शक्यता होती, त्याच्याच अंगावर मावशींचा पाय नासवू शकणारे जंतूही होते, आणि उघड्या जखमेवर दोन्ही एकत्रच उतरत होते.

या प्राण्यांपासून जिथे खरोखर औषध मिळाले, तिथे ही दोन्ही वेगळी केली गेली. समुद्रातल्या शंकूच्या आकाराच्या गोगलगाईच्या, कोनस मॅगसच्या, विषातला पंचवीस अमिनो आम्लांचा (प्रथिने ज्यांची बनतात त्या घटकांचा) एक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, ओळखला गेला, तो जसाच्या तसा कृत्रिमरीत्या बनवला गेला, आणि झिकोनोटाइड या नावाने त्याला 2004 साली अमेरिकेत मान्यता मिळाली. मॉर्फिननेही न थांबणाऱ्या वेदनांसाठी तो पंपाद्वारे थेट मज्जारज्जूभोवतालच्या द्रवात सोडावा लागतो. मात्रा थोडी चुकली तरी रुग्णाला भास होतात, म्हणून ती फार सावकाश वाढवतात. 2017 साली हार्वर्डच्या संशोधकांनी शंख नसलेल्या एका गोगलगाईच्या बचावासाठीच्या स्रावावरून रक्ताने भिजलेल्या ऊतींनाही धरून राहणारा चिकट पदार्थ तयार केला आणि डुकराच्या हृदयावर तपासला. त्यात गोगलगाईचा थेंबही नव्हता, होती ती फक्त तिच्याकडून उमगलेली रचना.

हे मी मावशींना सोप्या शब्दांत सांगत होते, तेव्हा त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला कुठल्याही विद्यार्थ्याने विचारलेला नाही. "मग शिनाण्यांचा डिंक का नाय काढत? एवढ्या लाटा बसतात, तरी खडक सोडत नाय त्या." दुसऱ्या दिवशी मुलगी बाजारातून चार शिनाणे, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे शिंपले, घेऊन आली, एकमेकांना आणि दगडाच्या एका कपरीला चिकटलेले. शिंपल्यांच्या फटीतून तपकिरी, केसांसारखे धागे निघाले होते. मी एक चिमट्याने ओढला, तर धागा तुटला, पण त्याच्या टोकाची टाचणीच्या डोक्याएवढी चकती दगडावरच राहिली. नखाने खरवडूनही ती निघेना.

त्या चकतीत काय असते हे आज माहीत आहे. शिनाणे पायातून द्रव प्रथिन सोडतात आणि ते पाण्याखालीच घट्ट होते. 1981 साली संशोधक हर्बर्ट वेट आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवून दिले की या प्रथिनात डोपा नावाचे अमिनो आम्ल असते. कंपवाताच्या रुग्णांना आपण लेव्होडोपाच्या गोळ्या देतो, तोच हा रेणू! ओल्या पृष्ठभागाला धरून ठेवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. शस्त्रक्रियेनंतर टाके घालणे अवघड असते अशा ओल्या ऊती सांधण्यासाठी याच गुणावर आधारलेले कृत्रिम गोंद बनवण्याचे प्रयत्न अनेक वर्षे चालू आहेत. मावशींना हे ऐकून आश्चर्य वाटले नाही, फक्त उशीर फार झाला असे वाटले.

मावशींची करंगळी वाचवता आली नाही. योग्य प्रतिजैविक आणि इन्सुलिन सुरू झाल्यावर उरलेले पाऊल मात्र वाचले आणि पाचव्या आठवड्यात त्या घरी गेल्या. जाण्यापूर्वी भाच्याने बादलीतल्या उरलेल्या गोगलगाईंचे काय करायचे असे विचारले, कारण शेजारच्या एका आजोबांना दम्यासाठी त्यांचा कच्चा रस हवा होता. त्याला मी खुर्चीवर बसवूनच समजावले. या गोगलगाईंत उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या कृमीच्या अळ्या असू शकतात. त्या कच्च्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. शिवाय ज्यांना धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी असते, त्यांचा दमा गोगलगाय खाल्ल्याने जीवघेणा उसळल्याची उदाहरणे आहेत. हातमोजे घालून त्या मिठाच्या दाट पाण्यात बुडव, मग खोल पुरून टाक, असे सांगितले. त्याने तसे केल्याचे संध्याकाळी फोन करून कळवले.

आमच्या फॉर्मवरचा 'आधीचे उपचार' हा रकाना मी विभागप्रमुखांशी बोलून बदलून घेतला. आता तिथे "घरी जखमेवर काय काय लावले?" असे छापले आहे. पहिल्या महिन्यात हळद, चुना, टूथपेस्ट, कॉफी पावडर आणि दोनदा तंबाखू लिहून आले. जिथे उत्तर विचित्र वाटते, तिथे मी शक्यतो स्वतः वॉर्डात जाते.