तुम्ही विचारलंत म्हणून: जीनोम वाचून डास मरतो का?

लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, भाजीवाल्याकडे, प्रश्न तोच. "विषाणूचं सिक्वेन्सिंग करता ना तुम्ही? त्याने डास मरतात का?"

नाही मरत. सिक्वेन्सिंग म्हणजे विषाणूचा जीनोम, त्याचा सगळा जनुकीय मजकूर, अक्षर-अक्षर वाचणं. डास कमी होतात ते कुंडीखालची ताटली घासल्याने. नुसती ओतून भागत नाही, एडिस जातीच्या डासाची अंडी कडेला चिकटून कोरडी महिनोनमहिने टिकतात. हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं ऐकाल.

याच डासातून पसरणारा झिका विषाणू ब्राझीलमध्ये मे 2015 मध्ये ओळखला गेला. पुढे ठिकठिकाणच्या रुग्णांमधले जीनोम शेजारी ठेवले तेव्हा कळलं, तो 2013 च्या अखेरीस किंवा 2014 च्या सुरुवातीलाच येऊन बसला होता. झिकाचा जीनोम सुमारे 10,800 अक्षरांचा. नक्कल होताना अक्षरं चुकतात आणि वर्षाला साधारण दहा-बारा चुका टिकून राहतात. त्या मोजत मागे गेलं की दोन नमुन्यांचा पूर्वज कधीचा, याचा अंदाज येतो. वर्षभराहून जास्त काळ साथ पसरत होती आणि कुणाला पत्ता नव्हता, हे त्या अक्षरांनी सांगितलं. म्हणून या वाचनाला कुणी "कागदी काम" म्हणालं की मला लागतं.

2024 च्या जूनमध्ये पुण्यात एरंडवण्यात झिका सापडला आणि पाठोपाठ गरोदर बायकांचे नमुने येऊ लागले, कारण झिकाने पोटातल्या बाळाच्या डोक्याची वाढ खुंटू शकते. त्यातली एक माझ्या आतेबहिणीची जाऊ, पाचवा महिना. तिचा फोन आला. "ताई, रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. तुमचं ते पूर्ण वाचन झालं की बाळाचं कळेल ना?" मी कामात होते. "निघू दे, मग बोलू," म्हणाले आणि फोन ठेवला.

ताप येऊन आठवडा उलटला होता, रक्तात विषाणू अगदी थोडा. आम्ही जीनोमचे छोटे, एकमेकांवर चढणारे तुकडे पीसीआरने वाढवतो, म्हणजे त्यांच्या असंख्य नकला करतो, आणि मग जोडतो. तिच्या नमुन्यातले बरेच तुकडे वाढलेच नाहीत. स्क्रीनवर 'एन'च्या ओळीच्या ओळी, म्हणजे इथलं अक्षर वाचता आलं नाही. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. सतराव्या दिवशी मी तिला फोन केला, तेव्हा कळलं की डॉक्टरांनी सांगितलेली सोनोग्राफी तिने पुढे ढकलली होती.

"तुम्हीच म्हणालात ना, निघू दे म्हणून."

बाळाच्या डोक्याची वाढ सोनोग्राफीत दिसते. माझ्या अक्षरांत ती दिसणारच नव्हती, नमुना उत्तम असता तरी. एवढं एक वाक्य मी पहिल्या फोनवर बोलले नाही. त्याआधी भाषणांत मी सांगायचे, जीनोममध्ये सगळं लिहिलेलं असतं. विषाणूचं, हो. तिचं नाही. हा फरक मला तेव्हा माहीत नव्हता असंही नाही.

सोनोग्राफी व्यवस्थित निघाली. त्या सतरा दिवसांबद्दल ती कधी काही बोलली नाही. दिवाळीला भेटते तेव्हा बाळ माझ्या मांडीवर देते.

आता गरोदर बाईच्या घरून फोन आला की मी आधी सोनोग्राफीचं विचारते. मग समोरून प्रश्न येतो, तुमचं वाचन मग कशासाठी? मी ब्राझीलचं सांगते. काहींना पटतं. सांगताना काही वेळा मलाच पटत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नमुने लावते.